भोंगा वाजला की गावपळण

आडशेळ गाव अडीच तासांत रिकामं होतं, असं यंत्राने सांगितलं तेव्हा सुनेत्रा सामंत मोठ्याने हसली. आडशेळ तिचं माहेर. एका लग्नाच्या वऱ्हाडाला निघायचं तरी त्या गावाला अख्खी सकाळ पुरत नाही. कोणाची चप्पल सापडत नाही, कोणाचा म्हातारा रुसतो. पण यंत्राच्या पडद्यावर हिरव्या अक्षरांत लिहिलं होतं, ‘पलायनक्षमता : उत्कृष्ट’. हसू ओसरलं आणि तिच्या लक्षात आलं, की या एका शब्दावर पुढचं सगळं उभं आहे.

सुनेत्रा अणुसाठा परीक्षण मंडळात वरिष्ठ परीक्षक होती. आडशेळच्या डोक्यावर जो विस्तीर्ण कातळाचा सडा आहे, त्यावर बारा वर्षांपूर्वी प्लुटोनियमचं कोठार बांधलं गेलं. आता तिथे देशातल्या एका जुन्या केंद्रातले डबे हलवायचे होते. त्यातला धोका मोजायचं काम तिच्याकडे आलं, तेव्हा तिने आधीच सांगून टाकलं होतं, की हे माझं गाव आहे. वरिष्ठ म्हणाले, “उत्तम! तुम्हाला तिथली भाषा येते.”

हे डबे म्हणजे काय, ते एकदा नीट समजून घ्यायला हवं. प्लुटोनियम साठवतात ते पुडीच्या, म्हणजे भुकटीच्या रूपात, पोलादी डब्यात, आणि तो डबा आणखी एका डब्यात. या पुडीतून निघणारे अल्फा कण साध्या कागदानेही अडतात, त्यामुळे पाहुण्यांना कोठार दाखवणारे अधिकारी कागद हातात धरून मोठ्या ऐटीत उभे राहतात. ते सांगत नाहीत ते एवढंच, की तीच पूड श्वासातून आत गेली तर फुप्फुसाला कागद लावता येत नाही. कण तिथे बसतो आणि माणूस असेपर्यंत आतून भाजत राहतो.

दुसरं म्हणजे, ही पूड डब्यात गप्प बसत नाही. भरताना तिने हवेतला दमटपणा प्यायलेला असतो. अल्फाचा मारा त्या पाण्याचे तुकडे करतो आणि हायड्रोजन सुटतो. प्रत्येक अल्फा कण शेवटी हेलियमचा अणू होऊन तिथेच राहतो. प्लुटोनियमचा एक भाऊबंद तर हळूहळू अमेरिशियममध्ये बदलतो, तो आणखी ऊब देतो आणि कागदाला न जुमानणारे किरणही. म्हणजे डबा जितका जुना, तितका आतून तापलेला आणि दाबाने भरलेला. आमरसाचा डबा फुगला की कोकणातली कुठलीही बाई तो उघडत नाही, घराबाहेर टाकते. जुन्या केंद्रातले काही डबे फुगले होते. ते बाहेर टाकायचे होते, आणि ‘बाहेर’ म्हणून आडशेळ सापडलं होतं.

एखादा डबा फुटला, त्याच वेळी कोठारातली हवा गाळणाऱ्या गाळण्या निकामी झाल्या, तर पूड सड्यावर पसरणार. सडा जांभ्याचा, छिद्राछिद्रांचा. पडेल ते पाणी तो पितो आणि खालच्या गावाला झऱ्यांतून, विहिरींतून देतो. तो काय देतो आहे हे त्याला कळत नाही. आणि प्लुटोनियम निम्मं व्हायला चोवीस हजार वर्षं लागतात.

हा सगळा धोका ‘निकष’ नावाचं यंत्र मोजत असे. डबा फुटायची शक्यता, वाऱ्याची दिशा, आणि माणसं किती वेळात बाहेर पडतील. माणसं लवकर पळाली की धोका कमी. आडशेळ अडीच तासांत पळत असल्यामुळे धोका मर्यादेच्या आत बसत होता, जेमतेम.

“अडीच तास कुठून आणलेस?” तिने निकषला विचारलं.

पडद्यावर आडशेळचा नकाशा आला. मार्गशीर्षातली तीन वर्षांपूर्वीची एक दुपार. गावातला प्रत्येक मोबाइल एक ठिपका. ठिपके घराघरांतून निघाले, वाटांवर ओळी झाल्या, शीव ओलांडून माळावर जाऊन थांबले. गाव कोरं झालं. खाली नोंद होती : ‘पूर्ण, शिस्तबद्ध, स्वयंस्फूर्त स्थलांतर.’

त्या ठिपक्यांमधला एक ठिपका ती स्वतः होती. त्या दुपारी तिच्या एका हातात वहिनीच्या कोंबड्यांची पाटी होती आणि दुसऱ्या हातात काकीचा हात. ती गावपळण होती.

दर तीन वर्षांनी आडशेळ गाव तीन दिवस आणि तीन रात्री शिवेबाहेर राहतं. माणूस, गुरं, कुत्री, कोंबड्या, कोणी मागे राहायचं नाही. घराला कुलूप लावायचं नाही. गाव तेवढे दिवस ग्रामदेवाचं, रवळनाथाचं. त्याची तयारी महिनाभर चालते; माळावर माडाच्या झापांच्या राहुट्या बांधतात, लाकूडफाटा नेऊन ठेवतात, मुंबईचे चाकरमानी रजा काढतात. या सगळ्यानंतर जी शेवटची दुपार उरते, ती अडीच तासांची. यंत्राने फक्त तेवढीच पाहिली होती. सुनेत्राची कानशिलं तापली. देवासाठी चाललेली माणसं बघून या दीडशहाण्यांनी त्यांच्या मरणाचा हिशेब मांडला होता!

तिने डॉ. शशांक वैशंपायनांना फोन लावला. ते कोठाराचे संचालक. एके काळी तिला अणुभौतिकशास्त्र त्यांनीच शिकवलं होतं, आणि फार चांगलं शिकवलं होतं.

“सर, तो सराव नव्हता. गावपळण होती.”

“ठाऊक आहे मला,” ते प्रसन्नपणे म्हणाले. “किती सुंदर प्रथा आहे ना? अगं, आम्ही तर तीच वापरली. आपत्कालीन स्थलांतर वगैरे शब्द लोकांच्या डोक्यावरून जातात. म्हणून गावभर फलक लावले, ‘भोंगा वाजला की गावपळण!’ काय पटकन समजलं त्यांना!”

“समजलं हे कसं कळलं तुम्हाला?”

“सगळ्यांनी माना डोलावल्या की. आणि गेले ना तेव्हा अडीच तासांत? गेले की नाही?”

“सर, तुम्ही मला शिकवलंत, की जे मोजलं नाही ते माहीत आहे असं म्हणू नये.”

“सुनेत्रा,” ते म्हणाले, “ते डबे जिथे आहेत तिथे चाळीस लाख वस्ती आहे. इथे चौदाशे. हेही मोजलेलंच आहे.”

तिने फोन आपटला नाही, कारण आपटायचा जमाना गेला होता. पण दुसऱ्या दिवशी ती आडशेळला पोचली. पूर्वसूचना न देता भोंगा वाजवून सराव घ्यायचा अधिकार परीक्षकाला होता. तो आजवर कोणी वापरला नव्हता, कारण त्यासाठी तिथे जावं लागतं.

तिचा थोरला भाऊ दत्ताराम गावचा घाडी. देवापुढे गावाचं गाऱ्हाणं घालायचं आणि कौल घ्यायचा, हा मान त्याच्या घराण्याचा. रात्री जेवताना तिने नुसतं विचारलं, “दादा, वरचो भोंगो वाजलो तर काय करशात?”

“काय म्हणजे? गावपळण.” दादाने माशाचा काटा बाजूला ठेवला. “त्यांनीच सांगल्यानी. बोर्ड लावल्यानी. मोटे सायब, पण आमची रीत मानतत हां! तुझ्यासारके नाय, पुण्याक जावन सगळा इसारले.”

दादाला केवढा अभिमान वाटत होता! सुनेत्राला त्याच्या ताटात डोकं ठेवून रडावंसं वाटलं, आणि त्या फलकवाल्यांना उलटं टांगावंसं वाटलं. तिने दोन्ही केलं नाही. तिने आणखी एक प्रश्न विचारायला हवा होता, पण तिला वाटलं, उत्तर उद्या मिळेलच.

सकाळी न्याहारीच्या वेळी ती सड्यावर गेली, ओळखपत्र दाखवलं आणि भोंगा वाजवला. मग गाडीत बसून खाली आली.

शिवेवर ती वाट पाहत उभी राहिली. कोणीच आलं नाही. वाटा ओस पडल्या होत्या. भोंगा पहिल्यांदा थांबला, पुन्हा सुरू झाला, तरी एक माणूस बाहेर येईना. ती धावतच गावात शिरली आणि तिला ते दिसलं.

सगळं गाव रवळनाथाच्या देवळापुढे जमलं होतं. उघड्यावर, सड्याच्या बरोबर खाली. बायका पोरांना कडेवर घेऊन, पुरुष टोप्या काढून, म्हातारे पायरीवर. कोणी गडबड करत नव्हतं. आत दादा ओलेत्याने उभा होता. देवाच्या दोन्ही खांद्यांवर त्याने फुलांचे ओले कळे लावले होते आणि हात जोडून तो वाट पाहत होता. ओल्या कळ्यांपैकी उजवा पडला की देवाची परवानगी. डावा पडला की नाही. अजून एकही पडला नव्हता. चौदाशे माणसं एका पाकळीकडे डोळे लावून उभी होती आणि भोंगा बोंबलत होता.

“दादा!” सुनेत्रा किंचाळली. “भायर काड सगळ्यांका! खय थांबलात?”

“गप रव गो,” दादा मान न वळवता म्हणाला. “कौल होवचो आसा.”

“कौल? भोंगो वाजताहा!”

“म्हणानच तर. भोंगो वाजलो म्हणजे गावपळण. आणि गावपळण म्हटल्यार कौल नको? देवाक इचारल्याशिवाय गाव शिवेभायर पाय घालीत नाय.” आता त्याने मागे वळून पाहिलं. “ह्यां तुका म्हायत नाय?”

तिला माहीत होतं. लहानपणापासून माहीत होतं. पुण्याच्या कार्यालयात गावपळण हा शब्द वाचताना तिला झापांच्या राहुट्या आठवल्या, कोंबड्या आठवल्या, आणि कौल आठवला नाही. वैशंपायनांनी गावाला गावाच्याच भाषेत समजावलं होतं, आणि गावाने ते शब्दाला शब्द पाळलं होतं.

“ह्यां खरां असतां,” ती म्हणाली, “तर आतापर्यंत एकय माणूस जिवंत रवलो नसतो.”

“खरां असतां म्हणजे?” दादाचा चेहरा बदलला. “मग भोंगो वाजवल्यान कोणी?”

“मी.”

देवळात पहिल्यांदाच कुजबुज झाली. कोणीतरी येऊन सांगितलं, की भोंग्याने घाबरून धावताना काकी ओट्यावरून पडल्या, मांडीचं हाड गेलं. दादा गाभाऱ्यातून बाहेर आला. त्याने बहिणीकडे असं पाहिलं, की तिला वाटलं हा आता मारणार.

“देवाक खोट्या कामासाटी उबो केलंस. काकीक पाडलंस. गावाचो तमाशो केलंस,” तो म्हणाला. “माज्या घरात पाय ठेव नको.”

ती गेली ती काकींना घेऊन इस्पितळात. बाकावर बसून तिने निकषला खरा काळ कळवला : देवाच्या खांद्यावर तसाच राहिलेला कळा पडला तो दुपार कलल्यावर, असं वहिनीने फोनवर सांगितलं होतं. निकषला ना राग ना लोभ. त्याने आकडा बदलला, धोका मर्यादेच्या कितीतरी वर गेला आणि परवाना नाकारला गेला. पहिल्या कक्षेत, म्हणजे आडशेळमध्ये, माणसं राहत आहेत तोवर जुने डबे सड्यावर येणार नाहीत, असा आदेश निघाला. ती जिंकली होती. हे सांगायला तिच्याजवळ कोणी नव्हतं. काकी भिंतीकडे तोंड करून झोपल्या होत्या.

महिन्याभराने मंडळाने तिला या कामातून काढलं. कारण दिलं, की परीक्षकाचं माहेर त्याच गावात आहे. जे तिने पहिल्या दिवशी सांगितलं होतं, ते त्यांना आता सापडलं होतं. त्याच आठवड्यात वैशंपायनांचा फोन आला. आवाज नेहमीसारखा गोड.

“तुझा राग मी समजू शकतो. जाऊ दे. बरं, एक विचारायचं होतं. यंदा गावपळण कधी आहे?”

“का?”

“सहजच. प्रथा पाहायची आहे.”

त्यांनी फोन ठेवला आणि तिला आदेशातले शब्द आठवले, ‘माणसं राहत आहेत तोवर’. वस्ती कशाला म्हणायचं, तो नियम तिने काढून वाचला. तो फिरत्या वस्त्यांसाठी, ऊसतोड्यांच्या पालांसाठी केलेला होता : पहिली कक्षा सलग तीन दिवस निर्मनुष्य आढळली, तर ती निर्जन समजावी आणि परवाना आपोआप द्यावा. तीन दिवस आणि तीन रात्री. डबे घेऊन गाड्या निघायला तेवढे पुरे होते. गाव परतेल तेव्हा डबे आत असतील, आणि मग हेच लोक सांगतील, की आता ते हलवणं जास्त धोक्याचं आहे. त्यात त्यांचं चुकणारही नाही, डबा हलवतानाच फुटण्याची भीती जास्त, हे तर तिनेच अहवालात लिहिलं होतं.

तिने मंडळाला लिहिलं. नियमात दुरुस्तीला दीड वर्ष लागेल, असं उत्तर आलं. गावपळण मार्गशीर्षात होती. कार्तिक चालू होता.

ती आडशेळला गेली आणि दादाच्या घरात पाय न ठेवता अंगणात उभी राहिली. वहिनीने पाणी आणून दिलं. दादा ओट्यावर पाठ करून बसला होता. त्याच्या पाठीला तिने सगळं सांगितलं.

“मग मोबाइल घराकडे ठेवन जावया,” वहिनी म्हणाली. “यंत्राक वाटात आमी हयच आसव.”

“नाय जमाचा, वैनी. तां वरसून, उपग्रहातसून चुली बघता. माणसाची, गुराची ऊबसुद्धा बघता. गाव थंड पडलो की तेका कळता.”

दादा ताडकन उठला.

“म्हणजे आता गावपळण पण तूच बंद करतलंस? भोंगो वाजवन देवाक फसवलंस, आता देवाचे दिवस पण खातंस? माजो बापूस, तेचो बापूस, कोणी चुकवूक नाय ही रीत. पुरात नाय चुकवली, साथीत नाय चुकवली! आणि ती मी मोडू? कोणासाटी? त्या डब्यांसाटी?”

“दादा, मी केलंय नाय ह्यां...”

“तूच केलंस! तू गेलंस त्यांच्याकडे. तू शिकलंस त्यांचा. आकडे काय नि निकष काय! आमी गाव सोडून जातो, देव गाव राखता आणि आमी परत येतो, यवडा साधा तुमच्या एकाच्या पण टकल्यात जाता नाय?”

तो रागावला होता ते तिच्यावर, कारण वर सड्यावर बसलेला कोणी त्याच्या अंगणात येऊन उभा राहत नव्हता. ती ओरडली, “मग जा! जावा भायर, आणि या परत त्या डब्यांखाली!” आणि निघून देवळाच्या पायरीवर जाऊन बसली. पुण्याची गाडी संध्याकाळी होती.

चार वाजता देवळातला ढोल वाजला. वाडीवाडीतून माणसं आली. गावपळणीचा कौल घ्यायचा तो हाच दिवस, हे तिला ठाऊक होतं. दादा ओलेत्याने गाभाऱ्यात गेला. त्याच्या हातात कळ्यांचं तबक होतं. सुनेत्रा बायकांच्या मागे, खांबाला टेकून उभी राहिली. एक कळा उजवीकडे पडला की संपलं. तिला वाटलं, आत घुसावं आणि ते तबक उधळून द्यावं.

“बा देवा रवळनाथा,” दादाने गाऱ्हाण्याला सूर लावला, “आज तुझ्या पायाकडे सगळो गाव हजर आसा, म्हाराजा.”

“व्हय म्हाराजा!” गाव म्हणालं.

“वाडवडलांनी घातलेली तुझी रीत आमी आजवर सांबाळली, म्हाराजा.”

“व्हय म्हाराजा!”

दादा थांबला. त्याने तबक खाली, जमिनीवर ठेवलं. देवाच्या खांद्याला त्याने कळे लावलेच नाहीत.

“पण यंदा गाव शिवेभायर जावचो नाय, म्हाराजा.”

कोणी होकार भरला नाही. गाऱ्हाणं हे मागणं असतं. मागण्याला व्हय म्हणायची सवय होती. हे काय होतं, ते कोणाला कळेना.

“वर सड्यार बसलेल्यांका आमचो गाव रिकामो होयो आसा,” दादाचा सूर तुटला आणि तो सरळ ओरडायलाच लागला. “आमी भायर पाय घातलो की ते आत येतले. आणि ते इले की तुझ्यासारके तीन दिवसांचे न्हय. तेंका परत जावचा नाय, कधीच जावचा नाय! मी आज कौल मागूक इलंय नाय. सांगूक इलंय. तुका राग इलो तर माज्यार काढ, माज्या घरार काढ. पण गाव हलूचो नाय!”

दादा देवाकडे पाहत एकटा उभा होता, पाठीवरून पाणी निथळत होतं, आणि त्याच्या शब्दामागे कोणाचाच शब्द नव्हता. आडशेळचा घाडी गाऱ्हाण्यात एकटा पडला, असं कधी झालं नव्हतं.

“व्हय म्हाराजा!” सुनेत्रा खांबामागून ओरडली. गाऱ्हाण्यात बायका बोलत नाहीत. तिला त्या क्षणी कशाचीही पर्वा नव्हती. “व्हय म्हाराजा!”

मग वहिनी म्हणाली. मग कोणीतरी म्हातारा. मग सगळं देऊळ इतक्या जोराने म्हणालं, की बाहेरची कुत्री भुंकायला लागली. ती भक्ती नव्हती. नुसता संताप होता, आणि तो देवाच्या डोक्यावरून वर सड्याकडे चालला होता.

माणसं पांगली तेव्हा सुनेत्राने पिशवी उचलली. दादा अंग पुसत बाहेर आला. बहिणीकडे त्याने अजूनही धड पाहिलं नाही. डोळे लाल होते त्याचे.

“खय चललंस?”

“गाडी आसा माजी. पुण्याची.”

“खय जाव नको,” तो रागानेच म्हणाला, आणि तिच्या हातातली पिशवी ओढून घेऊन घराच्या वाटेला लागला. “हयच रव आता. मोजूक तेवढाच एक माणूस वाढात.”